पावणे-पास टायर

सगळ्यात आधी आली ती टिक.

मागच्या चाकातून. चाक एक फेरा मारायचं आणि टिक. आणखी एक फेरा, टिक. भिंतीवरच्या घड्याळाची असते ना, तेवढीच बारीक.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा आवाजाला कोणी घाबरतं का? अहो, कोणी नसेल घाबरत, मी घाबरते! कुकरची शिट्टी होणार असं नुसतं वाटलं तरी मी कानावर हात ठेवते. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाने 'ताई, कितवा मजला?' असं विचारलं, तर पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने जाते. तोंडी परीक्षेला सरांनी 'बसा' म्हटलं तेव्हा मी 'सॉरी' म्हणाले होते. हे सगळं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात टायरचा दोष किती आणि माझा किती, ते तुमचं तुम्हाला वाटून घेता येईल. चहा घ्या, गार करू नका.

तर रविवारची दुपार. नवी मुंबईतल्या पावण्याच्या एमआयडीसीतली आतली गल्ली. एरवी इथे मशिनींचा एवढा धडधडाट असतो की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्या दिवशी सगळी शटरं खाली, गेटांना कुलपं, वडापावच्या टपरीवर ताडपत्री. भिंतीच्या सावलीत एक कुत्रं आडवं पडलं होतं. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. मला त्या मिटलेल्या डोळ्याचीही भीती वाटली. आणि एवढ्या सगळ्या शांततेत ती टिक.

'मग एकटी तिथे कडमडलीस कशाला?' हेच विचारताय ना? आईनेही हेच विचारलं होतं.

नोकरी! दुसरं काय?

वाशीतल्या एका सायकलच्या दुकानात मी नुकतीच कामाला लागले होते. बी.कॉम. झालेली मुलगी, रोज नावड्याहून येणार, बिलं करणार, गिऱ्हाइकांशी गोड बोलणार, एवढंच ठरलं होतं. दुकानाचे मालक नंदूशेठ. इथलेच, मूळचे गाववाले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, आणि समोर सायकल असली तर आधी तिचा टायर अंगठ्याने दाबणार, मग माणसाला 'या' म्हणणार.

त्या सुमारास त्यांना एक मोठं काम मिळायच्या बेतात होतं. पावण्यातली एक पॅकिंगची कंपनी आपल्या कामगार बायकांना सायकली देणार होती. शिफ्ट सुटली की बायका याच गल्ल्यांमधून घरी जाणार. आणि या गल्ल्या कशा? लेथवर निघालेले लोखंडाचे कुरळे चुरे, खोक्यांच्या पिना, तारांचे तुकडे, टेम्पोतून सांडलेले खिळे. साधा टायर इथे आला की संपलाच.

"पंक्चर झाली तर बाई कुठं थांबनार?" नंदूशेठ म्हणायचे. "तिकडं अर्धे दिवे बंद असतात. कंपनीवाले टायर निवडतात तक्रार परत येऊ नये म्हनून. आपन निवडायचा बाई घरी पोचावी म्हनून. काय?"

"हो शेठ."

"आनि पंक्चर काढून दुकान चालतं असं ज्याला वाटतं ना, त्याने दुकान काढून बघावं! दोन वेळा पंक्चर झाला की गिऱ्हाईक टायरला शिव्या देत नाय, आपल्याला देतो."

टायर कंपन्यांची माणसं नमुने घेऊन यायची. प्रत्येक टायरवर पंक्चर होणार नाही अशा अर्थाचं काहीतरी छापलेलंच. छापायला काय जातं? म्हणून शेठनी स्वतःची परीक्षा ठेवली होती. दुकानातल्या एका जुन्या सायकलला तो टायर चढवायचा आणि पावण्याच्या आतल्या गल्ल्यांमधून रोज चक्कर मारायची. टिकला तर 'पावणे-पास'. नाही टिकला तर सेल्समनला चहा पाजून रवाना.

आणि चक्कर मारायला त्यांनी निवडलं कोणाला? मला!

"मी? शेठ, मला साधा रस्ता ओलांडताना..."

"म्हनूनच! ही आपली पोरं टायर फाटला तरी 'काय नाय झालं शेठ' बोलतात. तू टाचनी पडली तरी दचकतेस. टायरमधे जरा कायतरी बिघडलं तर तुला पयलं कळेल. घाबरट मानूस कधी 'चालतंय' बोलत नाय. समजलं? आनि काय रुतलं तर तिथं काढू नको. तसंच आन. टायरने किती आत घेतलं ते मला बघायचं असतं."

ऐकायला किती बरोबर वाटतं, नाही? मलाही वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या भित्रेपणाला काम दिलं होतं. मी घरी जाऊन आईला पेढे आणू का विचारलं. या सगळ्यात एक चूक होती, पण ती शेठच्या लक्षात आली नाही आणि माझ्याही नाही. तुमच्या येतेय का बघा.

मी कामाला लागले, आणि अगदी मन लावून. टायरांची छापील नावं इंग्रजीत आणि लांबलचक होती, म्हणून मी माझीच नावं ठेवली. पहिला गेंडा. याच्या रबराखाली आणखी एक जाड थर, टाचणी टोचली तर टाचणीच वाकते. पण जड! दुसरा जेलवाला. ट्यूबमध्ये चिकट द्रव, भोक पडलं की तो स्वतःच बुजवतो म्हणे. तिसरा बिनहवेचा. आत हवाच नाही, मग जाणार काय? पण खड्डा लागला की थेट दाढेत कळायचा. आणि शेवटचा नाजूक. पातळ, हलका, दिसायला देखणा. आत कसलासा मजबूत पट्टा विणलेला आहे, असं त्याचा सेल्समन छातीवर हात ठेवून सांगायचा.

प्रत्येक टायरवर मी डोळ्यात तेल घालून फिरले. खिळा दिसला? वळसा. तार दिसली? वळसा. काच? सरळ खाली उतरायचं, सायकल उचलायची, काच ओलांडायची, पुन्हा बसायचं. एका गल्लीत लोखंडाच्या चुऱ्याचे ढीगच्या ढीग होते. त्या गल्लीत तर मी कधी पाऊलच टाकलं नाही. टायरला काही झालं असतं म्हणजे?

संध्याकाळी दुकानात हजर.

"काय मॅडम? पंक्चर?"

"एकही नाही, शेठ!"

"गेंडा कसा वाटला?"

"चांगला आहे, पण उचलायला जड आहे."

"सायकल उचलायची कशाला?"

"म्हणजे... वळायलाही जड आहे."

"आनि नाजूक?"

"नाजूक एकदम भारी, शेठ! काय झटकन वळसा घेतो! एक ओरखडा नाही बघा!"

शेठनी नाजूकला अंगठ्याने दाबलं. नाक मुरडलं. पुन्हा दाबलं. त्यांच्या अंगठ्याला काही तो पटत नव्हता. पण समोर टायर नवाकोरा दिसत होता, त्याला ते तरी काय करणार?

"माझा अंगठा बोलतो गेंडा, तू बोलतेस नाजूक," ते शेवटी म्हणाले. "जाऊ दे. तू घाबरट. तुझंच खरं."

नाजूक ठरला. त्याच दिवसांत शेठनी माझ्या फोनमध्ये दुकानाचं एक नवं सिमकार्डही घालून दिलं. "गिऱ्हाइकांचे फोन आता तू घ्यायचे. बाई रस्त्यात अडकलेली असेल, रडत असेल, आवाज शांत पायजे." आणि वाक्य पाठ करून घेतलं: 'नमस्कार! घाबरू नका. तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात?'

मी घरी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं, तर आई लाटणं घेऊन धावत आली.

"काय झालं? कोण शिरलंय घरात?"

"कोणी नाही गं, प्रॅक्टिस करतेय."

"असल्या आवाजात घाबरू नका म्हणालीस, तर चांगला धडधाकट माणूस आडवा होईल!"

त्या सिमवर काही कोणाचा फोन आला नाही. माझ्या डोक्यातून ते सिम निघूनही गेलं.

राहिली होती एकच गोष्ट. रविवारी संध्याकाळी त्या कंपनीतल्या बायकांतर्फे कोणी वनिताताई दुकानात येणार होत्या. त्या टायर बघणार, त्या 'हो' म्हणाल्या की सगळ्या सायकलींना नाजूक लागणार. "त्याआधी नाजूकवर एक शेवटची चक्कर मारून ये," शेठ म्हणाले. "म्हंजे बाईसमोर छाती ठोकून सांगता येईल." रविवार मीच मागून घेतला होता, कारण इतर दिवशी तिथे ट्रेलर असतात आणि मला ट्रेलरची भीती वाटते. रविवारी ट्रेलर नसतात. पण रविवारी तिथे कोणीच नसतं, हे मला गल्लीत शिरल्यावर सुचलं!

तर, टिक.

थांबून बघायला हवं होतं. पण थांबायचं म्हणजे उतरायचं, उतरायचं म्हणजे वाकायचं, आणि वाकलं की मागे कोण आहे ते दिसत नाही. म्हणून मी चालवत राहिले. टिक. टिक. आणि मग मागून आवाज आला.

पीं पीं.

मान वळवून बघते तर काय! स्कूटर. वर काळं हेल्मेट, काच खाली ओढलेली, अंगात हे एवढं मोठं काळं जाकीट, हातात हातमोजे. चेहरा म्हणून काही नाहीच. नुसता काळा गोळा, आणि तो माझ्याकडे बघतोय!

मी बाजूला झाले. जाऊ दे पुढे. तो गेला नाही. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मी हळू झाले, तोही हळू. मी डावीकडे वळले. तुम्हीच सांगा, तो कुठे वळला असेल?

पीं पीं पीं! आणि हाताने खूण. थांब, थांब. मग बोट खाली, माझ्या चाकाकडे. मला वाटलं, सांगतोय, आता पळून पळून जाशील कुठे!

फोन हँडलवरच्या स्टँडला लावलेला होता. नंदूशेठना लावला. रिंग वाजतेय, वाजतेय... कोणी उचलेना. रविवारी दुपारी शेठ फोन पैशांच्या गल्ल्यात टाकून जेवायला बसतात आणि जेवण झाल्यावर तिथेच खुर्चीत डोळा लागतो. आईला लावला. आई बुद्धविहारात, फोन पिशवीत, पिशवी कुठेतरी चपलांपाशी. आता पोलिसांना लावावा का? पण सांगणार काय? 'साहेब, लवकर या, टिक येतेय'?

पीं पीं पीं पीं!

माझ्या पायांत कुठून एवढं बळ आलं देव जाणे. एरवी उड्डाणपूल चढताना मी सायकल ढकलत नेते. त्या दिवशी मी अशी सुटले! खिळा? गेले वरून. तार? वरून. काच? कचकच करत वरून! समोर आली ती नेमकी चुऱ्यांची गल्ली. जिच्यात मी आजवर पाऊल टाकलं नव्हतं, त्या गल्लीत मी डोळे मिटून घुसले. खरंच मिटले होते. चाकाखाली नुसतं खर्रर्र, कर्रर्र, कुर्रर्र. कोणीतरी पापडांच्या ढिगावर नाचतंय असा आवाज.

आणि मग फुस्स.

लांबलचक, निवांत फुस्स. टायर जणू म्हणाला, दमलो बाई, बसतो आता.

रिम जमिनीला लागली, सायकल डुलली, मी उतरले की पडले ते आठवत नाही. गल्लीच्या टोकाला बंद गेट. बाजूला केबल गुंडाळायचं एक मोठं लाकडी चाक आडवं पडलेलं. सायकल फरपटत नेऊन मी त्याच्या मागे लपले.

तिथे बसल्यावर पहिल्यांदा मी नाजूककडे नीट बघितलं. देखणा टायर चिंधीसारखा लोंबत होता. रबरात लोखंडाचे चुरे रुतलेले, एका बाजूला खिळ्याचं डोकं चमकतंय. छातीवर हात ठेवून सांगितलेला तो मजबूत पट्टा कुठेच दिसेना.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी पावण्याची परीक्षा घेत होते. टायरची नाहीच! नाजूक हलका म्हणून मला खिळे चुकवायला सोपं जात होतं, आणि चुकवायला सोपं म्हणून मी त्याला पहिला नंबर दिला होता. बिचाऱ्या गेंड्याला नापास केलं, कारण तो उचलायला जड!

आता मला भीती वाटली. स्कूटरवाल्याची नव्हे, दुसरीच. याच गल्लीत, याच बंद गेटापाशी, शिफ्ट सुटलेली एखादी बाई अशीच बसली असती. दिवे बंद, टायर बसलेला, आणि मागून पीं पीं. आणि तिला इथे बसवणारी मी. वनिताताई संध्याकाळी दुकानात येतील, शेठ छाती ठोकतील, त्या 'हो' म्हणतील आणि संपलंच. काहीही करून शेठना कळवायला हवं होतं.

पुन्हा शेठना लावला. नाही. पुन्हा. नाही.

तेवढ्यात सायकलच्या दांडीवर नजर गेली. सकाळीच शेठनी चिकटवलेला पिवळा स्टिकर. 'रस्त्यात अडकलात? काळजी नको! लगेच फोन करा, लगेच उचलू.' खाली नंबर. दुकानाची मदत सेवा! मला रडूच फुटलं. शेठ किती विचार करतात बघा माणसांचा! भराभर नंबर दाबला.

'आपण डायल केलेला नंबर सध्या व्यस्त आहे.'

व्यस्त? पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त! इथे एका मुलीचा जीव चाललाय आणि हे कोण महाभाग फोनवर गप्पा मारत बसलेत? लगेच उचलू म्हणे! असल्या माणसाला कामावर ठेवतंच कोण? मी तिथल्या तिथे ठरवलं. जिवंत परत गेले, तर शेठना सांगून आधी या माणसाला घरी बसवायचं. अशा जबाबदारीच्या कामाला असला बेजबाबदार माणूस चालतो का हो? तुम्हीच सांगा!

स्कूटर जवळ आली. इंजिन बंद झालं. बुटांचा आवाज. कचक... कचक... मी श्वास रोखला, डोळे मिटले, आणि जो पहिला शब्द तोंडात आला तो ओरडले.

"सॉरी!"

मग हेल्मेट काढल्याचा आवाज झाला.

"काय गो बाय! कान हायेत का नुसते झुमके अडकवायला? कवापासून हॉर्न मारते तुला!"

मी एक डोळा उघडला. समोर माझ्या आईच्या वयाची बाई. कपाळावर टिकली, अंबाड्यात अबोलीचा गजरा, तोही हेल्मेटखाली चेंगरलेला.

"तुम्ही... बाई आहात?"

"मंग? तुला काय वाटला?"

"ते जाकीट..."

"नवऱ्याचा हाय. उन्हान हात काळे होतात म्हनून घालते. तू पळत कशाला होतीस?"

"मला वाटलं... तुम्ही मला पळवून न्यायला..."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"तुला? न्येऊन करू काय? घरान दोन सुना हायेत, त्याच आवरत नाय."

एवढं बोलून त्या वाकल्या आणि मागच्या चाकाकडे बघितलं. "चाकान खिळा घुसला होता तुझ्या, टिक टिक वाजत होता. तेच सांगत होते, थांब म्हनून. आता काय खिळा शोधतेस! आख्खा कारखाना घुसलाय हिच्यान."

मी हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही, उचकी आली.

त्यांचं लक्ष पिवळ्या स्टिकरकडे गेलं. "ह्यो नंदूशेठच्या दुकानाचा ना? मी तिथंच चाल्ले होते, जरा लवकरच निघाले. हा स्टिकर बघला म्हनून तर तुझ्या मागं वळले. आमच्या पॅकिंगवाल्या बायांना तिथनं सायकली भेटनार हायेत."

माझ्या हातातला फोन पडता पडता राहिला. "तुम्ही... वनिताताई?"

"तुला कसं माहीत?"

"असंच. चेहऱ्यावरून."

"नंदूशेठ काय बोलला ठाव हाय? बोलला, ताई, फिकीर करू नको, माझ्याकडं एक लय घाबरट पोरगी हाय. तिने पास केलेला टायर म्हंजे डोळे झाकून घ्यायचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टायरकडे. मग परत माझ्याकडे. "तीच का गो तू?"

"नाही," मी म्हणाले. आणि पुन्हा उचकी आली. "म्हणजे... हो."

"आनि तू पास केलेला टायर?"

मी बोटाने चिंधी दाखवली.

"तू ह्याच्यावर रोज चक्कर मारायचीस?"

"हो."

"खिळ्यांवरून?"

"...बाजूने."

वनिताताई अशा हसल्या, अशा हसल्या की गल्लीच्या तोंडाशी आलेलं ते कुत्रं उठून निघून गेलं. लाकडी चाकाला टेकून, जाकिटाच्या बाहीने डोळे पुसत हसल्या. मीही हसले, भीतीने. मग हसता हसता त्या एकदम थांबल्या.

"पोरी, मी दिवस मावळल्यावर सुटते. मला बाजू दिसत नाय."

मी त्यांना गेंड्याबद्दल सांगितलं. रबराखालचा तो जाड थर, वाकलेली टाचणी, सगळं घडाघडा सांगितलं. जड आहे, पण टिकेल. आणि या वेळी मी त्याच्यावर बसून स्वतः चुऱ्यांच्या गल्लीतून जाईन, डोळे उघडे ठेवून. बाजूने नाही, वरून.

"बघू," त्या म्हणाल्या. "ह्यो तर रद्द. पन शेठ अजून एक बोलला होता. टायर गेला तरी घाबरू नको ताई, स्टिकरवर नंबर हाय, फोन लावला की लगेच उचलतात, गाडी घेऊन येतात. ते तरी खरा हाय का? का तो बी बाजूनेच?"

आता काय सांगू? मघापासून तो नंबर व्यस्त होता हे सांगितलं, तर शेठचं उरलंसुरलं नावही जाणार. दुकानाची लाज माझ्या हातात. टायरने घालवली ती घालवली, निदान सेवा तरी वाचवायला हवी. मी छातीवर हात ठेवला, अगदी नाजूकच्या सेल्समनसारखा.

"एकदम खरं आहे, ताई! फोन घेणारी व्यक्ती फार जबाबदार आहे. शांत, धीट. शेठनी मुद्दाम निवडून ठेवली आहे."

"लावते मग."

त्यांनी जाकिटातून फोन काढला, डोळे बारीक करून स्टिकरवरचा नंबर एक एक करून दाबला, आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मी मनातल्या मनात हात जोडले. व्यस्त नको, व्यस्त नको, बाबा, एवढ्या एका वेळी गप्पा थांबव आणि फोन उचल!

ट्रिंग... ट्रिंग...

"लागला!" मी जवळजवळ उडीच मारली. "बघा ताई, लागला की नाही!"

आणि त्याच क्षणी माझ्या हातातला फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. आत्ता? इतक्या महत्त्वाच्या वेळी? पण शेठ दुसऱ्या कोणाच्या फोनवरून करत असले तर?

"एक मिनिट हं ताई, माझा फोन येतोय. तुमचा उचलला की तुम्ही बोला, घाबरू नका."

मोठ्या माणसांसमोर फोनवर बोलू नये म्हणून मी पाठ फिरवली. बघितलं तर स्क्रीनवर नंबराखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुसरं सिम. अगं बाई, गिऱ्हाईक! पहिलंच गिऱ्हाईक! कोणीतरी बिचारी रस्त्यात अडकली असेल. मी घसा साफ केला, उचकी गिळली, आणि आरशासमोर पाठ केलेलं वाक्य जमेल तितक्या शांत आवाजात म्हटलं.

"नमस्कार! घाबरू नका. तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात?"

उत्तर फोनमधूनही आलं आणि पाठीमागूनही.

"तुझ्या मागं."